चिमुकल्या जहाजाचे दोर आणि कातरीची धार



परतूर तालुक्यांतील आष्टी हें माझें गांव. तेथून समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी साडेतीनशें किलोमीटरांच्या आसपास पडतो. जालना जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवरून गोदावरी वाहते खरी, पण तिच्या पात्रांत होडीहून मोठें कांहीं तरंगत नाहीं. अशा गांवच्या माणसानें जहाजाच्या दोरांविषयीं बोलावें हें आपणांस कांहींसें हास्यास्पद वाटेल. परंतु आज ज्या जहाजाविषयीं मी बोलणार आहें तें समुद्रावरचें नसून कांचेच्या कपाटांतलें आहे, आणि त्याला पाण्यापेक्षां चांगल्या कातरीची गरज अधिक असते.

शहरांतील कित्येक दिवाणखान्यांत असें एखादें लहान जहाज ठेवलेलें आढळतें. पाहुणा येतो, शिडांचा फुगार पाहतो, तोफांचीं तोंडें मोजतो आणि वाहवा करून चहाकडे वळतो. जाणता मनुष्य मात्र आधीं दोरांच्या गांठींकडे नजर नेतो. गांठ मारल्यावर उरलेला शेंडा कसा छाटला आहे, यावरून त्याला करणाऱ्याचा हात कळतो. याचें कारण मापांत आहे. चार फुटांस एक इंच या प्रमाणांत जहाज केलें, तर खऱ्या जहाजावरचा इंचभर जाडीचा दोर येथें अर्ध्या मिलिमीटरचा धागा होतो. त्याचा शेंडा एक मिलिमीटर जरी अधिक राहिला, तरी खऱ्या जहाजाच्या हिशेबानें तो जवळजवळ दोन इंचांचा झाला. आणि कापतांना तंतू पिंजले गेले म्हणजे तर प्रत्येक गांठीला एकेक केरसुणी बांधल्यासारखी दिसते.

तें काम कसें असतें तें थोडें उलगडून सांगतों. डोलकाठी उभी आहे. तिला दोन्ही अंगांनीं ताणून धरणारे सहा-आठ दोर आहेत. त्यांच्या आंतून परबाणाचे, म्हणजे शीड ज्या तिरप्या लाकडाला बांधतात त्याचे, दोर खालीं आले आहेत. या जाळ्याच्या पोटांत एक गांठ बसली आहे. तिच्यावर पातळ डिंकाचा थेंब देऊन ती वाळूं दिली आहे. आतां तिचा शेंडा अगदीं लागून छाटावयाचा. हत्याराचें तोंड आंत शिरलें पाहिजे, शेजारच्या ताणलेल्या दोराला त्याचा स्पर्शहि होतां कामा नये, आणि मिटल्यावर त्यानें धागा चेपूं नये, एका घावांत तोडावा. कात्रीचीं दोन पातीं टोकापाशीं केसभर फांकलेलीं असलीं, तर धागा कापला न जातां त्यांच्यामध्यें दुमडून बसतो. मग आपण कात्री ओढतों, आणि तिच्याबरोबर गांठच सुटून हातांत येते.

माझी पहिली फजिती अशाच कामांत झाली. गांवांतल्या सुतारानें मला सागवानाचा दोन वितींचा गलबताचा सांगाडा घडवून दिला होता. डोलकाठ्या बांबूच्या, दोर सुताचे, मेण लावून पिळलेले. सगळे दोर ओढून होईपर्यंत पावसाळा सरला. शेंडे छाटण्यासाठीं मीं शिंप्याकडची कात्री मागून आणली. कापडासाठीं ती उत्तम होती, पण तिचें पातें लांब आणि टोक बोथट. तिसऱ्याच गांठीला तिनें शेंडा सोडला आणि मागचा मुख्य दोर तोडला. डोलकाठी एका बाजूला कलली, आणि चार महिन्यांचें काम जाळ्यांत सांपडलेल्या पांखरासारखें लोंबूं लागलें.

त्यानंतर मीं गांवांतलीं सगळीं धारेचीं हत्यारें मागून पाहिलीं. सोनाराची कातर पत्रा तोडण्यासाठीं असते. तिला धागा दिला कीं ती तो चावते. चांभाराची रापी फार सुंदर धारेची, पण तिला खालीं फळी हवी आणि वर खांद्याचा जोर हवा. दोन्ही गोष्टी गलबताच्या पोटांत मिळणें शक्य नाहीं. शेवटीं आमच्या आळींतल्या वृद्ध न्हाव्यानें माझी धडपड पाहून धोकटी उघडली आणि नखें काढण्याची नराणी माझ्या हातावर ठेवली. "अरे बाबा," तो म्हणाला, "कात्रीला दोन पाती. तिला जागा बी दुप्पटच लागती. हिला एकच हाये." नराणीची धार छिन्नीसारखी पुढच्या टोकाला असते. धाग्याच्या मागें शिंगाची एक चपटी काडी धरावी, शेंडा तिच्यावर घ्यावा आणि नराणी नुसती टेकवून दाबावी. शेंडा गांठीपाशीं साफ उडतो. त्यानें मला निसण्यावर ती लावण्याची रीतहि दाखविली. तेव्हांपासून माझें अर्धेंअधिक काम त्या नराणीवर चालतें.

पुढें वाचनांत आलें तेव्हां ध्यानांत आलें कीं, बारीक धारेचा विचार आपल्याकडे फार पूर्वीं आणि फार बारकाईनें झालेला आहे. मात्र तो जहाजें करणाऱ्यांनीं नव्हे, तर शल्यवैद्यांनीं केला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील आठवा अध्याय शस्त्रांना वाहिलेला आहे. त्यांत 20 शस्त्रें सांगितलीं आहेत. नखशस्त्र त्यांत आहे, म्हणजे आमच्या नराणीचें गोत्र लहान नाहीं. शरारीमुख नांवाचें एक शस्त्र पक्ष्याच्या चोंचीवरून नांव मिळालेलें, कातरीच्या जातीचें आहे. यापेक्षां मला मौज वाटली ती धारेच्या मापांची. फोडण्याच्या शस्त्राची धार मसुरेएवढी चालेल, खरवडण्याच्या शस्त्राची अर्ध्या मसुरेएवढी, वेध करण्याच्या शस्त्राची केसाएवढी, आणि छेदण्याच्या शस्त्राची मात्र अर्ध्या केसाएवढी असावी, असें तेथें ठरविलेलें आहे. पाणी देण्याच्याहि तीन रीती आहेत: क्षाराची, पाण्याची आणि तेलाची. हाड तोडण्यासाठीं क्षाराची, मांसासाठीं पाण्याची, आणि स्नायु छेदण्यासाठीं तेलाची. शरीरांत दोरासारखें जर कांहीं असेल तर तो स्नायु, आणि त्याच्यासाठीं तेलांत विझविलेलें शस्त्र सांगावें, हा विवेक अनुभवावांचून येत नाहीं.

शस्त्राचे आठ दोषहि त्या अध्यायांत आहेत: वांकडें, बोथट, तुटकें, खरखरीत धारेचें, फार जाड, फार किरकोळ, फार लांब, फार आंखूड. दुकानांत कातर निवडणाऱ्यानें ही यादी खिशांत ठेवावी. शिंप्याची कात्री लांबीच्या दोषानें नापास होते, सोनाराची कातर जाडीच्या. खरखरीत धार करवतीला क्षम्य मानली आहे, कारण तिला हाड कापावयाचें असतें. येथें मात्र एक नवी गोष्ट सांगितली पाहिजे. आजकाल शस्त्रक्रियेच्या कांहीं कातरींच्या एका पात्याला अतिसूक्ष्म दांते पाडलेले असतात. गुळगुळीत पात्यांवरून मेणाचा धागा पुढें सरकतो, दांत्यांच्या पात्यांत तो जागच्या जागीं धरला जातो. खरखरीतपणा हा तेथें दोष नसून सोय झाला आहे. धार टिकविण्यासाठीं सुश्रुत गुळगुळीत शिळा आणि सांवरीच्या लाकडाची फळी सांगतो. आणि शस्त्र केव्हां वापरावें, तर तें केस छेदूं लागेल तेव्हां. ही परीक्षा आजहि उत्तम आहे. फक्त केसाऐवजीं रेशमाचा एक सुटा तंतू घ्यावा, तो ताणून न धरतां सैल सोडावा, आणि कातरीच्या अगदीं टोकानें कापून पाहावा. टोकानें कापला तर ती कातर घरीं आणावी. मध्यभागीं कोणतीहि कातर कापते.

कोणतीं हत्यारें घ्यावींत याचें उत्तर त्यामुळें फार लांब होत नाहीं. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं जी लहान टोकदार कातर मिळते ती एक, शक्यतों वांकड्या तोंडाची, म्हणजे मूठ दोरांच्या बाहेर राहते. शल्यवैद्याच्या चाकूचें अकरा क्रमांकाचें टोकदार पातें दुसरें. तें बोथट झालें कीं टाकून द्यावें, त्याच्यावर माया करूं नये. गलबताबाहेर टेबलावर धागे तोडण्यासाठीं मेरठची साधी कात्री पुरते. किंवा शिंपी वापरतात ती चिमट्यासारखी, एकाच पोलादी पट्टीला वांकवून केलेली घ्यावी. ती दिसण्यांत क्षुद्र असली तरी कुळानें फार जुनी आहे. खिळ्याभोंवतीं फिरणारी कात्री रोमन काळांत दिसूं लागली, त्यापूर्वीं शेंकडों वर्षें लोक या चिमटा-कातरीनेंच लोंकर आणि केस कापीत होते. नायलॉनचा दोर तापल्या सुईनें तोडतात, पण त्याच्या टोकाला वितळून गोळी बसते. खऱ्या दोराला अशी गोळी कधीं नसते, म्हणून मी नायलॉन वापरीत नाहीं. आणि दोरांसाठीं ठेवलेल्या कातरीनें घरांत कोणीहि कागद कापूं नये. या एका नियमावरून आमच्या घरीं जितके तंटे झाले तितके जमिनीच्या वाटणीवरून झाले नसतील.

आतां कोणी विचारील कीं, समुद्र न पाहिलेल्या प्रदेशांत हा उद्योग कशाला? त्याला मी गोदावरीकडे बोट दाखवितों. आमच्या गांवाच्या वरच्या अंगाला तिच्याच कांठीं पैठण आहे, सातवाहनांची राजधानी. त्या नगरांतून गोमेदाचे दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात, आणि हा प्रवास वीस दिवसांचा होता, असें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत नमूद आहे. आमच्याच जिल्ह्यांतील भोकरदन येथें 1973 सालच्या सुमारास उत्खनन झालें, तेव्हां एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. तशाच घडणीची मूर्ति 1938 सालीं इटलींतील पाँपेईच्या राखेखालीं सांपडली होती. जहाज आमच्या गांवाला आलें नाहीं, पण आमच्या बाजूचा माल जहाजांत बसला होता.

आणि त्याच सातवाहनांच्या वंशांत, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, यज्ञश्री सातकर्णीनें जीं नाणीं पाडलीं त्यांतील कांहींवर जहाज आहे. दोन डोलकाठ्या, आणि त्यांच्या शेंड्यांवरून जहाजाच्या दोन्ही टोकांकडे उतरणारे दोर. हीं नाणीं आपल्याकडे नव्हे, पूर्व किनाऱ्याच्या बाजूस सांपडतात. नाणें बोटाच्या पेराएवढें. त्याचा छाप ज्यानें कोरला त्याला ते दोर धातूंत उलटे कोरावे लागले, आणि त्यानें ते सोडून दिले नाहींत. जहाजांतून दोर वगळले तर उरतें तें नुसतें टोपलें, हें त्या कारागिराला ठाऊक होतें. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर येथें वीरगळ आहेत; त्यांच्यावर नौकायुद्ध कोरलें आहे. त्यांचा काळ अकरावें शतक कीं तेरावें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तेथें डोलकाठ्या आहेत, वल्ह्यांच्या रांगा आहेत, पण आमच्या कामाचा तपशील त्या दगडांत शोधूं नये.

दोर हा जहाजाचा सर्वांत अल्पायुषी भाग आहे. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजीं पाण्यांत उतरलें. तें आज इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें तरंगतें आहे. त्याचें मलबारी सागवान अजून टिकून आहे. मूळचे दोर कधींच गेले. तें जहाज नकाशावरून बांधलें होतें, आणि त्या नकाशांचीहि एक कथा आहे. पहिला संच घेऊन 'जावा' नांवाचें इंग्रजी जहाज मुंबईकडे निघालें होतें. तें 29 डिसेंबर 1812 रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्यापुढें अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'शीं लढतांना पडलें, आणि पुढें अमेरिकनांनीं त्याला आग लावली. इंग्रजांजवळ दुसरी प्रत होती. कागद गेला, पुन्हां पाठविला, जहाज झालें.

आंग्र्यांच्या आरमाराजवळ अशी दुसरी प्रत नव्हती. फेब्रुवारी 1756 मध्यें विजयदुर्गाखालीं तुळाजी आंग्र्यांचें आरमार इंग्रजी गोळ्यांनीं पेटलें आणि एकमेकांस बांधलेल्या गुराबा नि गलबतें एका दिवसांत जळून गेलीं. ही होळी पेशव्यांच्या सहकार्यानें पेटली होती, हें सांगतांना मला आजहि संकोच होतो. त्या जहाजांचें वर्णन आपणांस मिळतें तें शत्रुपक्षाच्या लेखणींतून. रॉबर्ट ऑर्म हा इंग्रज इतिहासकार लिहितो त्याप्रमाणें गुराबांना बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन; तीन डोलकाठ्यांच्या गुराबांचा भार सुमारें 300 टन, दोनांच्यांचा 150 हून अधिक नाहीं. गलबत त्याहून लहान, फार झालें तर 70 टनांचें. मागची डोलकाठी अगदीं हलकी, मोठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्हीं. सांगाडा घडविण्यास एवढें पुरतें. परंतु कोणता दोर कोठून निघून कोठें बांधीत, कोणता कायमचा आणि कोणता सुटा, हें ऑर्मनें लिहिलें नाहीं. त्याला त्याचें काय प्रयोजन?

या प्रश्नाचें मोल ज्यानें ओळखलें तो माणूस फ्रेंच निघाला. एडमंड पारी हा नौदलाचा अधिकारी 1826 पासून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जहाजांवर होता. जेथें जहाज थांबे तेथील देशी होड्या तो मापून काढी, आणि दोर न् दोर चित्रांत उतरवी. 1841 ते 1843 च्या दरम्यान प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत आपल्या किनाऱ्यावरची पतेमारीहि आहे. 1854 सालीं एका यंत्रांत सांपडून त्याचा डावा हात गेला. पुढें 1871 पासून तो पॅरिसच्या लूव्ह्र राजवाड्यांतील नौकासंग्रहालयाचा प्रमुख झाला, आणि स्वतःच्या मापांवरून त्यानें परदेशी होड्यांच्या लहान प्रतिकृति करवून घेतल्या. 1893 मध्यें मरेपर्यंत तो या उद्योगांत होता. पेशवाई बुडाल्यानंतरच्या काळांतली पतेमारी आज पाहावयाची तर पॅरिसच्या संग्रहाकडे पाहावें लागतें, हें आपल्या माथ्यावरचें ऋण आहे.

उलट, नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधील नॉर्मन क्रॉस येथें 1797 पासून कोंडलेले फ्रेंच कैदी जेवणांतल्या हाडांचीं जहाजें करीत आणि बाजारांत विकीत. दोर रेशमाचे, क्वचित् केसांचे. त्यांचें कौशल्य अचंबित करणारें आहे; पण त्यांच्यापुढें नकाशा नव्हता, आणि गिऱ्हाइकाला डौल हवा होता. तीं जहाजें देखणीं आहेत, त्यांच्यावर साक्ष काढूं नये.

या दोहोंत माझें गलबत कोणत्या जातीचें, याचा निवाडा मला मालवणास मिळाला. नराणीनें छाटलेल्या गांठी इतक्या स्वच्छ उतरल्या होत्या कीं, मीं तें पेटींत बसवून, कापसानें गुंडाळून, एका वृद्ध तांडेलाला दाखविण्यासाठीं नेलें. त्यानें तें ओटीवर ठेवून पुष्कळ वेळ पाहिलें. सांगाड्याची प्रशंसा केली. मग मोठ्या डोलकाठीला बाजूनें ताणून धरणाऱ्या दोरांवर नख फिरवून तो म्हणाला, "ह्यो दोर कायमचो बांधूचो नाय, मास्तर. वारो फिरलो काय सोडूचो लागता. तुमी शेंडो कापल्यात. आता सोडतल्यात कसो?"

युरोपी जहाजावर हे दोर दोन्ही बाजूंना पक्के बसविलेले असतात. मीं चित्रें पाहिलीं होतीं तीं त्यांचीं. त्रिकोणी शिडाच्या गलबतावर शीड एका बाजूकडून दुसरीकडे न्यावयाचें म्हणजे परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवावें लागतें. तेव्हां हे दोर सोडून वाऱ्याच्या अंगाला पुन्हां बांधतात. म्हणून त्यांचा शेंडा लांब असतो, आणि तो वेटोळें करून खालीं ठेवलेला असतो. मीं तो शेंडा उत्तम धारेच्या हत्यारानें, तंतूहि न पिंजतां, मुळापाशीं उडविला होता. शिंप्याची बोथट कात्री असती तर कदाचित् एखादा दोर लांब राहिला असता.

तांडेलानें मग सुतळीचा तुकडा घेऊन ओटीच्या खांबाला तो दोर कसा घालतात, कसा ओढतात आणि उरलेला कोठें अडकवितात तें दोनदां करून दाखविलें. मीं तें वहींत काढून घेतलें. तो म्हणाला कीं, त्याच्या घरांत आतां हें विचारणारें कोणी राहिलें नाहीं. सगळ्या होड्यांना यंत्रें बसलीं.

आष्टीला परत आल्यावर मीं गलबत पेटींतून काढलें. मोठ्या डोलकाठीचे सहाहि दोर, डिंकासकट, अकरा क्रमांकाच्या पात्यानें काढून टाकले. नवे धागे मेणांतून ओढले, वहींतल्या चित्राप्रमाणें घातले, आणि प्रत्येकाचा शेंडा चार बोटें लांब ठेवून त्याचीं वेटोळीं खालीं मांडलीं. या कामाला तीन आठवडे लागले. नराणी तेवढा वेळ पेटींतच होती.